गळाच्या अलीकडे

कराडच्या कृष्णा घाटावर, नवरात्राच्या सुमाराच्या एका सकाळी, एक मुलगा पायरीवर डब्याचं झाकण उलटं ठेवून बसला होता. झाकणात एकीकडे ओल्या मातीत वळवळणारी गांडुळं, मध्ये कणकेचा पिवळट गोळा, शेजारी चार-सहा चिंगळ्या, आणि या सगळ्यांपासून जरा लांब हिरव्या रबराचा एक बेडूक. कळकाची काठी मांडीवर आडवी होती, गळ अजून मोकळाच. मुलगा झाकणाकडे बघे, मग पाण्याकडे, मग पुन्हा झाकणाकडे. पुराचा तांबडा रंग फिकटत पाणी हिरवटपणाकडे झुकलं होतं. एकदा त्याचं बोट गांडुळांपर्यंत जाऊन परत आलं. मागून जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं सवयीनं विचारलं, "काय घावलं का?" मुलानं मान न वळवता सांगितलं, "अजून टाकलाच न्हाई."

गळ टाकून बसणं म्हणजे वाट बघणं, असं लांबून बघणाऱ्याला वाटतं. तरंगा बुडतो का, तंगूस ताणला जातो का, एवढंच त्याला दिसतं. या कामातला मला सर्वांत प्रिय असलेला भाग मात्र त्याच्या आधीचा आहे. हातात गळ आहे, समोर पाणी आहे, आणि पाण्याखाली जो कुणी आहे त्याला आज काय हवं असेल हे ठरवायचं आहे. तो दिसत नाही. त्याला विचारता येत नाही. तो आपल्यासारखा नाही. त्याला हात नाहीत, पापण्या नाहीत, जे काही चाचपायचं ते त्याला तोंडानंच चाचपावं लागतं. अशा जिवाच्या भुकेचा अंदाज बांधत माणूस पायरीवर बसतो, तेव्हा तो काही काळ स्वतःच्या बाहेर गेलेला असतो. त्या मुलाच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं, आणि मी तिथं रेंगाळलो.

माझे थोरले चुलते, नाना, नदीवर पोचले की पहिल्यांदा काठी बाजूला ठेवायचे. धोतर खोचून उथळ पाण्यात उतरायचे आणि दगड उलटायचे. फार मोठा दगड नाही, पंजात मावेल एवढा. आणि उलटायचा तो हलक्या हातानं, पुन्हा होता तसा बसवता येईल असा. दगडाच्या पोटाला चिकटलेलं सगळं ते मला दाखवत. वाळूचे कण एकमेकांना चिकटवून किड्यांनी केलेली नळीसारखी घरं. शेपटीला तीन बारीक केस असलेली चपटी अळी, जी सावली पडताच कडेला सरकायची. गोगलगाईची पिलं. कधी नखाएवढा खेकडा. "मासा हितं जेवतोय," नाना म्हणायचे. "त्याच्या ताटात काय हाय ते बघितल्याबिगर आपण वाढायचं कसं?"

पहिला मासा मिळाला की तो घरी जाईपर्यंत ते थांबत नसत. तिथंच दगडावर चाकूनं पोट उघडून बोटानं चाचपत. शिंगट्याच्या पोटात अर्धवट विरघळलेली चिंगळी निघे, रोह्याच्या आतड्यात हिरवट चिखल. एकदा पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेत, एका खवल्यावाल्या माशाच्या पोटात उंबराच्या बारीक बिया निघाल्या. नानांनी मान वर करून काठाकडे पाहिलं. नदीवर ओणवलेलं उंबराचं झाड होतं, खोडाला फळं लगडलेली, आणि मधूनच एखादं टपकन पाण्यात पडत होतं. त्या दिवशी नानांनी गळाला उंबर लावलं. मला पुढे कितीतरी दिवस ते झाड आणि तो मासा वेगळे काढता येईनात. एक काठावर उभा राहून खायला घालणारा, एक त्याच्या सावलीत येऊन खाणारा. मध्ये पाण्याचा एक पातळ पडदा.

कराडला दोन नद्या भेटतात त्याची तऱ्हा सगळीकडे दिसत नाही. कृष्णा उत्तरेकडून येते, कोयना तिच्या समोरून, आणि दोघी आमनेसामने येऊन मग एकत्र पूर्वेला वळतात. दोघींचा उगम महाबळेश्वरच्याच डोंगरात. तिथून एक वाईच्या बाजूनं उतरून मळ्यांतून, उसाच्या पट्ट्यांतून रमतगमत येते, दुसरी दाट जंगलाच्या खोऱ्यातून, आता धरणातून, पाटणवरून येते. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी उभं राहिलं की संध्याकाळी फिरायला आलेली माणसं या भेटीकडे बघताना दिसतात. गळ टाकणारा मात्र भेटीच्या खालची शीव शोधतो. पावसाळ्यात दोन पाण्यांचा रंग वेगळा असतो तेव्हा ती डोळ्यांना दिसते. एरवी पाण्यावरून वाहत येणारी काटकी कुठं घुटमळते त्यावरून ओळखावी लागते. मासा त्या शिवेवर उभा राहतो. जोराच्या धारेच्या जरा बाहेर, जिथं फारशी ताकद लागत नाही, आणि धारेतून जे येईल ते मान वळवून उचलता येतं. त्याच्यापर्यंत काय वाहत येतं हे वरच्या अख्ख्या खोऱ्यावर अवलंबून आहे. कुठं पाऊस झाला, कुणाच्या रानातली माती सुटली, कोणत्या झाडाला फळ आलं, धरणाचा दरवाजा किती उघडला. आमिष निवडणाऱ्याला एवढं सगळं मनात धरावं लागतं.

वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी वाळवीची पंखवाली पाखरं जमिनीतून उसळतात. दिव्याभोवती, भिंतींवर आणि नदीवरही त्यांचा सडा पडतो. त्या संध्याकाळी माशांची तोंडं वरच्या वर टिपत असतात आणि कणकेच्या गोळ्याला कुणी हुंगतसुद्धा नाही. पुढं मृगाचं पाणी चढतं, ओढे भरभरून माती आणतात, मातीबरोबर गांडुळं येतात. गढूळ पाण्यात डोळ्यांना काम उरत नाही, वासावर आणि मिशांवर सगळं चालतं. तेव्हा गांडुळासारखं दुसरं काही नाही. पण तेच दिवस चढणीच्या माशांचे. अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत, खाचरांत, उथळ पाण्यात चढतात, आणि काठावर काठ्या, टोपल्या, जाळी घेऊन माणसं उभी असतात. नाना त्या दिवसांत गळ गुंडाळून आढ्याला खोचून ठेवायचे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

भाद्रपद संपता संपता पाणी निवळू लागतं. मग वास मागं पडतो, डोळा पुढं येतो. आमिष हलतं कसं, त्याची सावली पडते का, तंगूस चमकतो का, या गोष्टींना अर्थ येतो. थंडीत मासा जडावतो. त्याला थोडंच हवं असतं, तेव्हा गळ बारीक आणि घास बारीक. उन्हाळ्यात डोहांत गर्दी होते आणि दिवसभर सगळं थिजल्यासारखं राहून पहाटे आणि रात्रीच हालचाल होते. ऊस काढून नांगरट केली की ढेकळांत पांढऱ्या हुमण्या सापडतात. पिकाची मुळं कुरतडणारी ही अळी शेतकऱ्याची वैरीण, पण रानातून थेट नदीवर जाणारी पोरं ती डबीत भरून नेतात. शेत आणि नदी यांच्यात असा एक जुना देवघेवीचा रस्ता आहे.

प्रत्येक माशाची रीत निराळी. वाम दिवसा दगडांच्या फटीत अंग चोरून असते आणि अंधार पडल्यावर तळ हुंगत निघते, तिला गांडूळ. शिंगट्याच्या मिशांना चव कळते, त्यामुळे त्याला उग्र काहीतरी, कोंबडीची आतडीसुद्धा चालतात. शिवड्याचं तोंड मोठं आणि रात्र त्याची. त्याला जिवंत छोटा मासा लागतो. मृगल तळाशी चरतो. रोहू ओठांनी चोखून बघतो, तरंगा नुसता थरथरतो, आणि घाईनं काठी उचलणाऱ्याच्या हाती काही येत नाही. कटल्याला तर घास घ्यायची सवयच नाही. तो पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, म्हणून त्याच्यासाठी शेंगपेंडीचा भुगा असा मळायचा की पाण्यात पडल्यावर तो हळूहळू सुटत जावा, आणि त्या धुरकट ढगात गळ लपावा.

हा गोळा मळण्यावरून आमच्या घरात आठवड्याला एकदा तरी बोलाचाली व्हायची. शेंगपेंड फोडून भिजत घालायची, त्यात कणीक, हरभऱ्याचं पीठ, आदल्या रात्रीचा भात, जरासा गूळ. काकूचा आक्षेप परातीला होता. "माणसांच्या परातीत माशांचं मळू नका," ती म्हणायची, आणि तरीही गोळा सैल झालाय की घट्ट हे नाना तिलाच विचारायचे, कारण हाताला पिठाचा अंदाज तिचाच होता. सैल गोळा फेकताना सुटतो, घट्ट गोळा मासा तोंडात घेऊन थुंकतो. काकू बोटानं दाबून सांगायची, "अजून पाण्याचा हात लावा." ती आयुष्यात कधी गळ घेऊन बसली नाही. पण आमच्या घरी आलेल्या कितीतरी माशांमागं तिचं बोट होतं.

पुढं मोठेपणी मानसोल्लासाबद्दल वाचलं तेव्हा मला ती परात आठवली. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वरानं 1129 च्या सुमारास हा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभार, रत्नं, हत्ती, स्वयंपाक, संगीत अशा नाना विषयांबरोबर त्यात राजाच्या करमणुकींचं मोठं प्रकरण आहे आणि त्यात मासे पकडण्याच्या विनोदाला स्वतंत्र जागा आहे. समुद्रातले आणि नदीतले पस्तीसेक मासे, त्यांची अंगलट, कुणाला खवले आहेत आणि कुणाला नाहीत, कोण काय खातो, कुणाला पिठाभाताचे गोळे चारावेत आणि कुणाला मांस, दोरी आणि काठी कशी असावी, असं सगळं त्यात येतं. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये या प्रकरणावर लिहून ते माशांच्या अभ्यासकांपुढं आणलं. सोमेश्वराचे वडील म्हणजे सहावा विक्रमादित्य. त्याच्या दरबारच्या बिल्हण कवीनं आपल्या विक्रमांकदेवचरितात शिलाहारांची राजकन्या चंद्रलेखा हिच्या स्वयंवराचं वर्णन केलं आहे, आणि ते स्वयंवर घडतं करहाटात, म्हणजे आमच्या कराडात. त्या राजाच्या मुलानं माशाला काय आवडतं हे इतक्या आस्थेनं लिहून ठेवलं, याचा मला उगीचच अभिमान वाटतो. लिहिणारा राजा होता, पण माहिती त्याला दिली असणार ती पाण्यात उभ्या राहणाऱ्या माणसांनी. त्यांची नावं ग्रंथात नाहीत. ती माणसंही पहिल्यांदा दगडच उलटत असतील.

एखाद्या नदीचा इतिहास लिहायचा तर तिच्या काठच्या माणसांच्या आमिषांच्या डब्या बघाव्यात, असं मला अलीकडं वाटतं. नानांच्या लहानपणी कोयना मोकळी वाहत होती. 1950 च्या दशकात धरणाचं काम सुरू झालं, 1960 च्या दशकात शिवसागराचं पाणी भरलं, आणि त्या पाण्याचा मोठा वाटा वीज करून पश्चिमेला, कोकणात उतरू लागला. खाली नदीत किती येईल हे आता पावसाबरोबर सोडणाऱ्यांच्या हिशेबानंही ठरतं. पायथ्याच्या वीजगृहातून पाणी सुटलं की उन्हाळ्यातही नदी एकाएकी चढते आणि काही वेळानं उतरते. कराडच्या खाली टेंभूला, आगरकरांच्या जन्मगावी, दुष्काळी भागाकडं पाणी उचलण्यासाठी बांध घातला आहे. त्याच्या मागं पाणी थांबून राहतं. वाहत्या पाण्यात चरणारे मासे अशा साचल्या पाण्यात मागं सरतात आणि गंगेकडून आणून सोडलेले रोहू, कटला, मृगल तिथं सुखानं राहतात. 1952 मध्ये देशात आलेली चिलापी आज जवळजवळ प्रत्येक डोहात आहे. तिच्यासाठी फार विचार करावा लागत नाही. कणीक, पाव, गांडूळ, जे मिळेल त्यावर ती येते. आज घाटावरच्या बऱ्याच डब्यांत नुसता कणकेचा गोळा दिसतो, त्याचं कारण हे आहे. ज्या माशाला सगळंच चालतं त्याला ओळखायला कुणी दगड उलटत नाही.

आणि तरी कोयना अजून रिकामी झालेली नाही. अभ्यासकांनी 2011 मध्ये तिच्यातल्या माशांची यादी प्रसिद्ध केली तेव्हा ती 58 जातींपर्यंत गेली होती, आणि त्यांतले काही मासे पश्चिम घाटातल्या नद्यांखेरीज जगात कुठंच नाहीत. त्यांतले पुष्कळ बोटभर लांबीचे आहेत. गळाला ते लागत नाहीत, बाजारात त्यांना भाव नाही. पण मोठ्या माशाच्या भुकेचा अर्थ त्यांच्यात आहे, आणि त्यांच्या भुकेचा अर्थ दगडाखालच्या अळीत.

त्या मुलाच्या झाकणातला रबरी बेडूक या सगळ्यात पाहुणा होता. हल्ली असे बेडूक, चकाकणारे पत्र्याचे चमचे, डोळे रंगवलेले प्लास्टिकचे मासे घरपोच येतात. खाण्याजोगं त्यांत काही नसतं. असतो तो आकार, रंग आणि हालचाल. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या डोवाजियॅक गावच्या जेम्स हेडननं 1890 च्या दशकात लाकूड कोरून असा बेडूक केला आणि पुढं त्याचा कारखानाच उभा राहिला, अशी कथा सांगतात. फिनलंडच्या लाउरी रापालाची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. हा गरीब मासेमार होडी वल्हवताना पाण्यात बघत राहायचा. त्याच्या लक्षात आलं की मोठा मासा छोट्या माशांच्या थव्यावर येतो तेव्हा नेमका तो मासा उचलतो, जो जरा वेगळा, लंगडत पोहतोय. 1936 मध्ये त्यानं बुचाच्या लाकडाचा एक मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली, छायाचित्रांच्या फिती वितळवून वरून लेप दिला, आणि त्याला ती दुखावलेली चाल दिली. जगभर विकल्या गेलेल्या त्या खोट्या माशाचं मर्म हेच की तो धडधाकट पोहत नाही. हे वाचल्यावर मी बराच वेळ अस्वस्थ होतो. इतकं बारकाईनं बघणं आणि त्या बघण्यातून हे हाती येणं, या दोन्हींबद्दल एकाच वेळी काय वाटून घ्यावं ते मला कळेना.

नानांचा नातू त्याच मिशिगनमध्ये राहतो. तो तिथं स्मॉलमाउथ बास नावाच्या माशामागं असतो. तांबूस-हिरवा, खडकाळ तळ आणि स्वच्छ पाणी आवडणारा, अंगापेक्षा मोठ्या जिद्दीनं झुंजणारा मासा. व्हिडिओ कॉलवर त्यानं मला आपली पेटी दाखवली. कप्प्याकप्प्यांत रबरी नळ्या, मातकट, शेवाळी, गंजासारख्या तांबड्या. तिथल्या दगडांखाली क्रेफिश असतो, आपल्या झिंग्याचा जाडजूड नांग्यांवाला भाऊबंद, आणि या माशाचा तो आवडता घास. ऋतू फिरतो तसा क्रेफिशचा रंग बदलतो, तळ्यातळ्यात वेगळा असतो, म्हणून पेटीत इतके रंग. "काका, पहिल्यांदा मी दगडच उलटतो," तो म्हणाला. नाना गेले तेव्हा तो फार लहान होता. त्याला हे कुणी सांगितलं असेल, की त्याचं त्यालाच सापडलं, हे मी विचारलं नाही.

त्यानंच मला त्या माशाची आणखी एक गोष्ट सांगितली. वसंतात नर शेपटीनं वाळू-खडे झाडून तळावर गोल जागा करतो. मादी अंडी घालून निघून जाते आणि नर अंड्यांवर, मग पिलांवर पहारा देतो. त्या दिवसांत तो अंगावर येणाऱ्या कशालाही चावतो, भूक असो नसो. घरट्यावर रबरी नळी सोडली की तो तिच्यावर तुटून पडतो. तो गळाला लागून वर गेला की आजूबाजूचे छोटे मासे लगेच अंड्यांवर येतात. काही प्रांतांत म्हणून त्या महिन्यांत हा मासा धरायला मनाई असते. तो म्हणाला, "तेव्हा त्याला काय लावावं हा प्रश्नच नसतो. काहीही लावा."

आमच्याकडं हे मरळीच्या बाबतीत घडतं. मरळ कडेच्या पाणगवतात, लव्हाळ्यात राहते, अधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवा घेते आणि त्या बुडबुड्यावरून ओळखू येते. तिची पिलं जन्मल्यावर लालसर रंगाची, थव्यानं एकत्र राहतात; पाण्यावर तांबूस डाग सरकताना दिसतो, आणि त्याच्या खाली आईबाप असतात. त्या डागावरून रबरी बेडूक ओढत नेला की खालून पाणी फुटतं. घाटावर ही युक्ती आता सगळ्यांना माहीत आहे. मासा हमखास येतो. मागं तो तांबूस डाग तसाच तरंगत राहतो, हळूहळू विस्कटत.

चिलापीचं मात्र उलट आहे. तिची मादी अंडी तोंडात धरते, पिलं फुटली तरी काही दिवस त्यांना तोंडातच सांभाळते, आणि त्या काळात ती जवळजवळ काहीच खात नाही. जिच्यासाठी आमिषाचा विचार करावा लागत नाही असं मी म्हणालो, तीच त्या दिवसांत कशालाही बधत नाही. तिच्यासमोर गांडूळ येवो, चिंगळी येवो, गोड पेंड येवो, तोंड मिटलेलं. एकाच डोहात, एकाच ऋतूत, एक मासा पिलांपायी तोंड उघडतो आणि दुसरा पिलांपायी मिटून ठेवतो. माणसाच्या शहाणपणाला यांतला पहिला सोपा जातो आणि दुसऱ्यापुढं त्याचं काही चालत नाही.

रायगड जिल्ह्यात महाडच्या वर वाळणकोंड नावाचा डोह आहे. काळ नदीच्या त्या खोल पाण्यात महसीर मासे आहेत आणि ते देवीचे मानले जातात. लोक काठावरून कुरमुरे टाकतात, मासे वर येतात, पाठी चमकवत खातात, आणि तिथं कुणी गळ टाकत नाही. मी तिथं गेलो तेव्हा माझे डोळे सवयीनं कोणता मासा आधी येतो, कोणता मागं राहतो, कुरमुरा भिजल्यावर उचलतात की कोरडाच, हे टिपत होते. मग लक्षात आलं की शेजारी उभी असलेली एक आजी हे सगळं माझ्याहून जास्त जाणत होती. ती थांबून थांबून, मागच्या माशांपर्यंत पोचेल असे कुरमुरे टाकत होती. तिचं निरीक्षण नानांच्या तोडीचं होतं. फक्त त्याच्या शेवटी लोखंड नव्हतं.

तेवढ्यावरून लोखंड नसलं की सगळं निर्मळ असं म्हणावं, तर तेही होत नाही. हाच दख्खनी महसीर, ज्याचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सनं 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केलं, तो कमी होतोय म्हणून लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात त्याची पिलं तयार होऊ लागली आणि देशभरच्या नद्यांत सोडली गेली. त्यामागं कळकळ होती, महसीरावर जीव असलेल्या माणसांची. ती पिलं कावेरीतही गेली, तिथं रुळली, आणि कावेरीचा स्वतःचा भला थोरला, पाठीला वशिंड असलेला महसीर मागं पडत गेला. 2018 मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली. आमच्या नदीच्या माशाला दुसऱ्या नदीत पाठवताना त्या नदीचे दगड कुणी उलटून पाहिले नाहीत, असं मला वाटतं. एका माशाची भूक कळणं पुरेसं नसतं. त्याच पाण्यात दुसरं कोण जेवायला बसलं आहे हेही बघावं लागतं.

मी अजून गळ टाकतो. तांबूस डाग दिसला की त्या कडेला जात नाही आणि मृगाच्या पाण्यात नदीवर काठी नेत नाही. एवढं माझ्यापुरतं ठरलेलं आहे आणि ते पुरेसं आहे की नाही हे मला सांगता येणार नाही. मासा खाल्ल्यावाचून आमच्या घराचं चालत नाही, आणि ज्याला खायचं त्याला आधी नीट जाणून घ्यावं, या नानांच्या रीतीहून चांगली रीत मला अजून सापडलेली नाही. आता सुट्टीत माझ्याकडं भाच्या-पुतण्या येतात. त्यांना गळाची गाठ शिकायची घाई असते. मी त्यांना आधी वारुंजीच्या अंगाला कोयनेत नेतो आणि दगड उलटायला लावतो. काही दगडांखाली अजून तीन केसांची अळी सापडते, त्या किंचाळतात, मग वाकून बघतात. काही दगडांखाली काळा गाळ असतो, त्याला वास येतो, आणि त्या माझ्याकडं बघतात. मागच्या खेपेला धाकटीनं विचारलं, "काका, हितं काहीच न्हाई, तर मग मासा काय खात असंल?" तिला काय सांगावं हे मी अजून शोधतो आहे, ती पुढच्या सुट्टीत पुन्हा विचारणार आहे.